गेम बोलावी, कीं तीनवर थांबावें?

१९२५ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ३ तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून हार्बर मार्गानें कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धांवली. हिंदुस्थानांतील ती पहिलीच. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबर रोजीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, पनामाच्या कालव्यांतून जाणाऱ्या 'फिनलंड' नांवाच्या बोटीवर हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकानें तिघां सोबत्यांसह पत्त्यांच्या एका जुन्या खेळाची नवी गुणपद्धति करून पाहिली. तिच्यांतूनच आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहींएक संबंध नव्हता. परंतु संध्याकाळीं कचेरी सुटल्यावर कुर्ल्याकडे येणाऱ्या लोकलच्या डब्यांत चार ओळखीचे प्रवासी समोरासमोर बसतात, चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग आडवी पडते आणि तिच्यावर पानें वाटलीं जातात, तेव्हां दोहोंची गांठ पडण्याचा संभव असतो. बहुतेक वेळां तो डाव रमीचा किंवा मेंढीकोटाचा. क्वचित् ब्रिजचा असलाच, तर स्टेशन जवळ आल्याची घाई असूनही तो एका ठिकाणीं हमखास अडतो. एकानें 'एक इस्पिक' म्हटलें आहे. समोरच्या भिडूनें 'दोन' म्हणून दुजोरा दिला आहे. आणि आतां पहिल्याला ठरवावयाचें आहे, कीं येथेंच राहावें, का चार बोलून गेम गांठावी?

ऑक्शन ब्रिज या जुन्या प्रकारांत हा पेंच नव्हता. पहिल्या सहा हातांनंतर जेवढे हात होतील तेवढे सारे गेमच्या हिशेबांत धरले जात. मग ते बोललेले असोत वा नसोत. दोन बोलून दहा हात केले तरी गेम पदरांत पडे. अर्थात् शहाणा खेळाडू प्रतिपक्षाला दूर ठेवण्यापुरतेंच बोले आणि बाकीचें खेळून मिळवी. व्हँडरबिल्टच्या पद्धतींत जितकें बोललें तितकेंच गेमच्या खात्यांत. वर झालेले हात रेघेच्या वरच्या बाजूस, बक्षिसांच्या रांगेंत. एक गेम मिळविलेल्या पक्षाला पुढें बक्षिसही मोठें आणि दंडही मोठा. अशा पक्षाला 'व्हल्नरेबल' म्हणावें हें त्या बोटीवरील एका तरुण प्रवासिनीनें सुचविलें, असें सांगतात.

मराठी श्रोत्याला कौतुक वाटावें अशी गोष्ट ही, कीं असाच एक प्रयोग त्यापूर्वीं तेरा वर्षें आपल्या पुण्यांत झाला होता. १९१२ सालीं तेथील चार ब्रिटिश गृहस्थांनीं एक खेळ बसविला आणि आपापल्या नांवांचीं आद्याक्षरें जुळवून त्याला 'एस्. ए. सी. सी.' असें नांव दिलें. त्याची माहिती १९१४ च्या जुलै महिन्यांत 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत आली. ती देणारे ह्यू क्लेटन हे त्या चौघांपैकींच एक. कॉन्ट्रॅक्टच्या पूर्वजांत आज या पुणेरी खेळाची गणना होते. बोलल्यावांचून मिळावयाचें नाहीं, हा दंडक घालून या मंडळींनीं पत्त्यांच्या टेबलावर एक नवी चिंता आणली, आणि ती अजून गेलेली नाहीं.

गेम म्हणजे रेघेखालीं १०० गुण. किलवर आणि चौकट या हलक्या रंगांत बोललेल्या प्रत्येक हाताला २०. बदाम आणि इस्पिक यांत ३०. हुकूम न ठेवतां खेळल्यास पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणून बिनहुकुमी तीन, बदाम किंवा इस्पिक चार, किलवर किंवा चौकट पांच, या गेमच्या पायऱ्या झाल्या. म्हणजे अनुक्रमें नऊ, दहा आणि अकरा हात करावयाचे. अकरा करण्यापेक्षां नऊ करणें सोपें, हें कोणासही कळतें. यामुळें हलक्या रंगाची गेम हा सहसा शेवटचा उपाय ठरतो. खरी ओढाताण होते ती बदाम-इस्पिकांच्या तीन आणि चार यांमध्यें.

ती नीट समजावी म्हणून कुर्ल्याच्या नेहरूनगरांत एखाद्या रविवारीं दुपारीं शेजारशेजारच्या दोन घरांत दोन टेबलें मांडलीं आहेत, अशी कल्पना करावी. आठ माणसें, चौघांचे दोन संघ. एका टेबलावर खेळलेलीं पानें जशींच्या तशीं बोर्डांत घालून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि तेथें त्याच पानांवर विरुद्ध संघाचे भिडू बसलेले असतात. वाटपाचें नशीब यामुळें बरेंचसें पुसलें जातें व बोलीचें शहाणपण उघडें पडतें. पहिल्या टेबलावर दक्षिणेस भावोजी आणि उत्तरेस वहिनी. दोन्ही पक्ष व्हल्नरेबल आहेत.

भावोजींचीं पानें अशीं: इस्पिक एक्का, राजा, ८, ७, ४, बदाम ६, २, चौकट राजा, गुलाम, ७, ३, किलवर एक्का, ५. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक, या मिल्टन वर्कच्या नांवानें चालणाऱ्या मोजणीनें त्यांचे १५ गुण होतात. त्यांनीं 'एक इस्पिक' म्हटलें, वहिनींनीं 'दोन इस्पिक'. या उत्तराचा अर्थ ठरलेला: इस्पिकचीं निदान तीन पानें आणि सहा ते नऊ गुण. सबंध जोडांत ४० गुण असतात. दोघांचे मिळून २५ किंवा २६ भरले तर गेम बोलावी, हा नियम चार्ल्स गोरेननें १९४९ च्या सुमारास अमेरिकेंत घरोघर पोंचविला. त्या नियमानें पाहिल्यास येथें फार तर २४ होतील. म्हणजे भावोजींनीं मुकाट्यानें पास म्हणावें.

पण नियमाकडे वळण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तोच बहुतेक जण विचारीत नाहींत. चार बोलून हात नऊच झाले तर काय जाईल? आणि तीनवर थांबून हात दहा झाले तर काय जाईल? गेम होईल कीं नाहीं याची खात्री कोणालाच देतां येत नाहीं. चुकल्यास कोणती चूक महाग पडेल, हें मात्र कागदावर मांडतां येतें.

व्हल्नरेबल असतांना चार इस्पिक बोलून केले, तर हातांचे १२० आणि गेमचें बक्षीस ५००, मिळून ६२०. तीन बोलून दहा हात केले, तर तेच १२० आणि गेमखालच्या बोलीचे ५०, मिळून १७०. फरक ४५० चा. उलट, चार बोलून नऊ झाले तर १०० दंड. त्याच नऊ हातांना तीनच्या बोलीवर १४० मिळाले असते. फरक २४० चा. चौघांच्या संघांच्या सामन्यांत हे फरक इंटरनॅशनल मॅच पॉइंट नांवाच्या लहान मापानें मोजतात. खेळाडू त्याला नुसतें 'इम्प' म्हणतात. त्या मापानें ४५० चे १० इम्प होतात आणि २४० चे ६. दहा मिळविण्यासाठीं सहा पणाला लावावयाचे आहेत. तेव्हां सोळांपैकीं सहा वेळां गेम झाली तरी मुद्दल सुटतें. टक्क्यांत सांगावयाचें तर साडेसदतीस.

व्हल्नरेबल नसतांना बक्षीस ५०० ऐवजीं ३०० आणि दंड १०० ऐवजीं ५०. तेथें एका बाजूस ६ इम्प व दुसऱ्या बाजूस ५, म्हणून पंचेचाळीस टक्क्यांची आशा तरी असावी. लोकांच्या मनांत समजूत नेमकी उलटी असते. व्हल्नरेबल झालें कीं दंडाच्या नांवानें हातपाय आंखडतात. आणि हिशेब सांगतो, कीं धाडस करावयाची वेळ तीच.

जोड्यांच्या स्पर्धेंत मात्र हें गणित लागू पडत नाहीं. तेथें किती गुणांनीं सरस ठरलों याला किंमत नसून किती जोड्यांहून सरस ठरलों एवढेंच मोजतात. म्हणून अर्ध्याहून अधिक आशा असल्यावांचून गेमच्या वाटेस जाऊं नये. घरगुती रबरांत प्रतिपक्षाची एकही गेम झाली नसतां दोन गेम पुऱ्या केल्या तर ७०० चें बक्षीस असतें, त्याची एक झालेली असल्यास ५०० चें. तेथें एक गोष्ट आधीं पाहावी: मागच्या वाटपाचे ६० गुण रेघेखालीं पडलेले असतील, तर दोन बदामांनींही गेम पुरी होते. चार बोलण्याची ऐट मग फुकट.

साडेसदतीस टक्के म्हणजे आठांपैकीं पांच वेळां गेम बुडाली तरी खेळाडू योग्यच वागला. हें वाक्य वाचावयास सोपें आहे, टेबलावर पचविणें कठीण. बुडालेली गेम चौघांनाही दिसते. दंड लिहिला जातो, भिडूची मुद्रा बदलते, मागें उभा राहून पाहणारा शेजारी हळूच हसतो. न बोललेली गेम कोणालाच दिसत नाहीं. १७० गुण आपल्या बाजूस लिहितांना मिळविल्यासारखें वाटतें, आणि ४५० गेले याची नोंद कोठेंही होत नाहीं. दुसऱ्या टेबलावरचा कागद येतो तेव्हां काय तें कळतें. घरच्या रबरांत तर दुसरें टेबलच नसतें. वर्षानुवर्षें खेळणारीं कित्येक सुशिक्षित माणसें यामुळेंच तीनवर थांबण्याच्या संवयीला सावधपणा समजून बसतात.

बुडालेल्या गेमवरून भिडूशीं होणारें भांडण, हें भयही थोडें नसतें. याचें जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील कॅन्सस शहरांत १९२९ च्या सप्टेंबर महिन्यांत घडलें. जॉन बेनेट आणि त्याची पत्नी मर्टल एका परिचित जोडप्याशीं खेळत होतीं. नवऱ्यानें एक इस्पिक म्हटलें, बायकोनें ते चारवर नेले, आणि गेम बुडाली. शब्दाला शब्द लागला, नवऱ्यानें तिच्या थोबाडींत मारली. थोड्याच वेळांत तिच्या हातच्या पिस्तुलानें तो मरून पडला. १९३१ सालीं ती खटल्यांतून निर्दोष सुटली. त्या वाटपाचीं म्हणून जीं पानें पुढें छापलीं गेलीं तीं खरीं असल्याचा भरंवसा नाहीं. आपल्याकडे प्रकरण चहाचा कप आपटण्यापलीकडे जात नाहीं. परंतु त्या आपटलेल्या कपाच्या धाकानें पुढच्या महिन्याभरांत किती गेमा बोलल्यावांचून राहतात, हें कोणी मोजीत नाहीं.

आतां आशा मोजावयाची कशी? त्यासाठीं थोडे आंकडे तोंडपाठ असावे. एखादें पान प्रतिपक्षांपैकीं कोणाकडे आहे यावरच सारें अवलंबून असेल, तर आशा अर्धी. अशीं दोन पानें आणि दोन्ही सोयीचीं हवींत, तर पाव. दोहोंपैकीं एक चालणार असेल, तर पाऊण. एका रंगाचीं पांच पानें प्रतिपक्षाकडे असतील, तर तीं तीन-दोन असण्याचा संभव ६८ टक्के, चार-एक असण्याचा २८. सहा पानें बाहेर असतील, तर तीं तीन-तीन वाटलीं जातील अशी भोळी समजूत असते. तो संभव ३५ टक्क्यांच्या आसपासच आहे, आणि चार-दोनचा ४८. हे आंकडे कळले, कीं २२ गुणांचीही गेम बोलण्याजोगी असते आणि २६ गुणांचीही नसते, याचें आश्चर्य वाटत नाहीं. गुण हे केवळ पानांचें वजन सांगतात. तें वजन कोणत्या रंगांत पडलें आहे, तें भिडूला सांगावें लागतें.

नेहरूनगरच्या टेबलावर भावोजी पासही म्हणत नाहींत आणि चारही म्हणत नाहींत. ते म्हणतात, 'तीन चौकट'. चौकट हुकूम करावयाची नाहीं, हुकूम इस्पिकच. ही विचारणा आहे. तिचा अर्थ असा, कीं 'माझ्याजवळ चौकटचीं बरींच पानें आहेत व त्यांत भोंकें आहेत. तेथें तुमची मदत असली तर चार म्हणा, नसली तर तीन इस्पिकांवर परत या.'

वहिनींजवळ अशीं पानें आहेत: इस्पिक राणी, ९, ५, बदाम ९, ८, ४, चौकट राणी, १०, ६, किलवर राजा, ९, ६, २. गुण अवघे सात, म्हणजे दोघांचे मिळून २२. पण विचारलेल्याच रंगांत त्यांची राणी आणि दश्शी आहे, हुकुमाची राणी आहे, आणि किलवरचा राजा भावोजींच्या एक्क्याला जोड देणारा आहे. बदामांत त्यांचें कांहीं नाहीं; तेथें त्यांचा एक गुणही अडकलेला नाहीं. हात मोजावे: हुकूम तीन-दोन वाटले गेले तर इस्पिकचे पांच; चौकटचा एक्का देऊन तीन; किलवरचे दोन. एकूण दहा. बदामाचे दोन आणि चौकटचा एक एवढेच प्रतिपक्षाला जातात. गेमची आशा ६८ टक्क्यांच्या आसपास.

आतां यांतली एकच राणी हालवून पाहावी. वहिनींजवळ चौकटऐवजीं बदामाची राणी आहे: बदाम राणी, ८, ४, चौकट १०, ६, २, इस्पिक आणि किलवर पूर्वींचेंच. गुण पुन्हां सातच. परंतु ही राणी भावोजींच्या ६ आणि २ यांच्या समोर पडली आहे. प्रतिपक्षाचे बदामाचे एक्का आणि राजा निघून जाईपर्यंत दोन हात गेलेलेच. त्यानंतर तिच्यावर एक चौकट टाकून देतां येईल, एवढाच तिचा उपयोग. चौकटींत राजा-गुलामासमोर नुसती दश्शी. प्रतिपक्षाची राणी वहिनींच्या डावीकडे, पूर्वेला असेल तरच तेथें एकावर भागेल. म्हणजे हुकूमही तीन-दोन हवेत आणि चौकटची राणीही सोयीची हवी. ६८ चे अर्धे ३४. साडेसदतीसच्या जरासे खालीं. या पानांवर वहिनींनीं तीन इस्पिकांवर परतावें हें बरें.

प्रतिपक्ष मध्यें बोललेला असेल, तर त्याचीही नोंद घ्यावी. ज्या रंगांत आपला राजा आहे तो रंग उजव्या हाताच्या खेळाडूनें बोलला असेल, तर एक्का बहुधा राजाच्या आधीं खेळेल आणि राजा जिवंत राहील. तोच रंग डाव्या हाताकडून आला, तर त्या राजाचे तीन गुण कागदावरच राहिले असें समजावें. बिनहुकुमी खेळांत दश्शी-नव्वींना गुण नसतात, पण नववा हात पुष्कळदां त्यांच्याच पोटांतून निघतो.

विचारणा करणाऱ्यालाही एक पथ्य आहे. तीनपर्यंत चढणें फुकटचें नसतें. दोनवर आठ हात करून सुखानें राहिलों असतों, तेथें विचारणेच्या पायीं तीनवर जाऊन एका हातानें बुडणें, यासारखा निष्फळ सौदा नाहीं. गेमही नाहीं आणि दोनचे गुणही नाहींत. म्हणून विचारतांना हात आंखडता असावा आणि स्वीकारतांना मोकळा. बहुतेक घरांत चालतें तें याच्या उलट. एक जण सैल पानांवर विचारतो, आणि दुसरा 'यांची नेहमींची घाई' म्हणून चांगल्या पानांवरही नाहीं म्हणतो. असें चार वेळां झालें, कीं विचारणेला अर्थच उरत नाहीं. मग कितीही नेमकी बोली शिकली तरी ती जोडी आंधळीच खेळते.

येथें हिशेबाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वरचे आंकडे एका हातानें आणि डबल न होतां बुडण्याचे आहेत. हुकूम वाईट वाटले जाण्याचीं चिन्हें बोलींतच दिसत असतील, तर दोन हातांनीं बुडून २०० जातील, डबल पडलें तर ५००. उलट बाजूस, पहिली उतारी करणाऱ्याला समोरचीं पानें दिसत नसतात. तो चुकतो, आणि कागदावर न होणारी गेम टेबलावर होऊन जाते. कांट्यावरचा निर्णय असेल तेव्हां हीच गोष्ट पारडें चारकडे झुकविते.

नेहरूनगरच्या त्या दुपारीं वहिनींजवळ पहिलीं पानें आलीं, म्हणजे चौकटची राणी असलेलीं, असें धरूं. त्यांनीं चार इस्पिक म्हटलें. पश्चिमेनें बदामाची उतारी केली. बदामाचे दोन हात गेले, तिसरा भावोजींनीं हुकुमानें मारला. मग त्यांनीं हुकुमाचे एक्का आणि राणी काढलीं. दुसऱ्या फेरीला पश्चिमेनें चौकट टाकली. हुकूम चार-एक. पूर्वेच्या गुलामाला एक हात मिळालाच, चौकटच्या एक्क्याला एक. हात नऊच झाले आणि शंभरांचा दंड लिहिला गेला. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर 'एक इस्पिक, दोन इस्पिक, पास' अशी बोली झाली होती. तेथें नऊ हातांचे १४० मिळाले होते. सहा इम्प गेले.

"भावोजी, मीं तीनवर थांबायला हवें होतें का हो?"

"छे, वहिनी. चौकटची राणी तुमच्याजवळ होती ना? मग पुन्हां असेंच आलें तर पुन्हां चार म्हणा."

वहिनींनीं मान हालविली आणि पुढच्या वाटपाचीं पानें बोर्डांतून काढलीं.